चौथीच्या वर्गातली बदली मुलगी

मुंबईच्या शाळेत मी पहिल्यांदा बसले ती दुसऱ्याच मुलीच्या नावाने. हे परवा सुनेला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही डमी होतात?" डमी! असा राग आला मला. डमी पैसे घेऊन परीक्षेला बसतात. मी बदली होते. आणि आमच्या घरात बदली या शब्दाला इज्जत होती, कारण माझा बाप चौदा वर्षं बदली होता.

आता गिरण्याच राहिल्या नाहीत, म्हणून समजावून सांगावं लागतं. गिरणीत कायमवाले कामगार असत आणि बदलीवाले असत. बदलीवाल्याने रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोणी आजारी असेल, गावाला गेला असेल, तर त्याच्या जागी याला घेणार. नाही तर डबा न उघडता घरी परत. आणि कायमवाला आला रे आला की मान वर न करता त्याची जागा सोडायची. कोणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवायचा, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. बाबा रिंग खात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, बदली होते. कापड विणायच्या खात्यात पगार बरा होता, पण आजोबांच्या काळी तिथे आमच्या समाजाच्या माणसाला उभं करत नसत. धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे फिरणाऱ्या नळीतला, दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा विटाळ होई म्हणे! आजोबा रिंग खात्यात, म्हणून बाबाही रिंग खात्यात. हे मला मोठेपणी कळलं.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. मी गावाला आजीकडे वाढले, तिथेच तिसरी पास झाले. आजी वारली आणि बाबांनी मला मुंबईला आणलं. बाबा मला घेऊन समोरच्या म्युन्शिपाल्टीच्या शाळेत गेले तेव्हा दारातला शिपाई म्हणाला, "गावच्या शाळेचा दाखला आणा." झालं, बाबा वळले. दुसरं काही करता येतं का, बाईंना भेटता येतं का, एक शब्द विचारला नाही. गेटवरून परत पाठवलं की परत यायचं, ही सवयच अंगात मुरली होती. मी रस्ताभर भुणभुण केली तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात गावाला जाईन, तेव्हा आणतो."

पुढच्या महिन्यात संप झाला.

मग कसला दाखला आणि कसलं काय. एस.टी.च्या भाड्याला पैसे नाहीत. आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला जाऊ लागली. संध्याकाळी यायची ती हाताची आग आग होत, माझ्या भावाला जवळ घ्यायचीसुद्धा नाही, त्याच्या डोळ्यांना हात लागेल म्हणून. भाऊ दीड वर्षाचा. तो दिवसभर माझ्या कडेवर. आमच्या गॅलरीतून शाळेचा चौथीचा वर्ग समोर दिसायचा. खिडकीतून बाईंचा आवाज यायचा. मी भावाला थोपटता थोपटता त्या आवाजाबरोबर सतराचा पाढा म्हणायचे, अठराचा म्हणायचे. भाऊ माझ्या खांद्यावर झोपायचा आणि मला खालच्या पोरींचा असा हेवा वाटायचा की काय सांगू. त्यांच्या वेण्या ओढाव्यात असं वाटायचं. मी काय कमी होते त्यांच्यापेक्षा?

संप लांबत गेला तशी चाळ रिकामी होऊ लागली. रोज कोणी ना कोणी वळकटी बांधून गावची वाट धरी. "चार दिवस जाऊन येतो" म्हणायचे, पण दाराला मोठं कुलूप लागायचं. पोरंही गेली. चौथीच्या पटावर चाळीस मुलं आणि वर्गात जेमतेम सतरा. मग एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी चाळीतल्या माणसांना बोलावलं. या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि चौथीही त्याच शिकवत. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरीला वरचे साहेब तपासणीला येणार आहेत. वर्ग असाच रिकामा दिसला, शाळा अशीच पडकी दिसली, तर चौथी बंद करून मुलांना पुलापलीकडच्या शाळेत घालतील. आज चौथी गेली की उद्या तिसरी जाईल."

आमची माणसं तेव्हा रिकामीच होती. सकाळी सभा, दुपारी पत्ते, संध्याकाळी नुसती नाक्यावर बसलेली. त्यांना हे काम मिळालं आणि त्यांच्या अंगात जीवच आला! पुढारी झाला आमच्याच मजल्यावरचा जॉबर. आम्ही त्याला जॉबरकाका म्हणायचो. मालवणचा माणूस, मिशा अशा की पोरं बघून जिन्याखाली लपायची. त्याने शाळेचं अगदी गिरणीसारखं खातं लावलं. पहिली पाळी सातला, दुसरी पाळी दुपारी. फिटर बाकांचे खिळे ठोकतायत, सुतार संडासाची दारं बसवतोय, कोणी कौलांवर चढलाय. विहारातून सतरंज्या आल्या, गणपती मंडळातून दोरखंड आणि शिडी आली. बायका जिना धुवायला गेल्या आणि तिथेच त्यांची भांडणं झाली, मग चहा झाला. दोन वर्षं तुंबलेलं गटार त्यांनी एका सकाळी मोकळं केलं. म्युन्शिपाल्टीला अर्ज करून बाईंच्या चपला झिजल्या होत्या. त्या गटाराशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

घोळ घातले नाहीत असं नाही. फळा पांढुरका पडला होता, तर एका बहाद्दराने त्याला चक्क तेलरंग लावला, लोखंडी फाटकाला लावतात तो! फळा असा चकाकला की बाईंना त्यात स्वतःचं कुंकू दिसायला लागलं. खडू टेकवला की सुर्रकन खाली. बाईंनी नुसता खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लिहा." बिचाऱ्याने तीनदा लिहून बघितलं. मग दोन पाळ्या तो रंग घासून काढण्यात गेल्या आणि कोळशाची पूड चोळून फळा परत काळा केला. मी हे सगळं गॅलरीतून बघत होते आणि हसून हसून भावाला खाली ठेवायची वेळ आली होती.

पण शाळा चकचकीत झाली तरी वर्गात पोरं सतराच. गावाला पत्रं टाकली, कोण येतंय? तेव्हा जॉबरकाकाने जे डोकं चालवलं ते जॉबरच चालवू शकतो. तो म्हणाला, "ह्यात काय मोठा? कायमवाले गावाक गेले, तर बदली भरा!"

आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हीच तर गंमत! आयुष्यभर त्यांनी हेच बघितलं होतं. जागा रिकामी असेल तर बदलीवाला उभा करायचा, मस्टर भरलं पाहिजे, खातं चाललं पाहिजे. साहेब काय, गिरणीचा काय आणि शाळेचा काय, माणसं मोजतो आणि जातो. आसपासच्या चाळींत शाळेत न जाणारी पोरं काय कमी होती? कोणाचा दाखला अडला होता, कोणी घरकामाला जुंपलेली, कोणी मिरच्या खुडायला. जॉबरकाका गेटवर माणसं निवडायचा तसा दारोदार फिरून पोरं निवडू लागला.

आमच्या दारात आला तेव्हा मी भावाला भात भरवत होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गो चेडवा, तुका वाचूक येता?"

मी म्हटलं, "वाचायला येतं, आणि तीसपर्यंत पाढे येतात." खरं तर चोविसापर्यंतच येत होते.

आई फटकन म्हणाली, "आणि पोराला कोण बघणार? तुमची मिशी?"

जॉबरला असं बोलायची कोणाची छाती नव्हती. बाबा तर भिंतीत शिरतात की काय असे झाले. पण तो हसला. म्हणाला, बायकांनी आपसात पाळी लावली आहे, ज्यांच्या मुली शाळेत बसतील त्यांची बारकी पोरं एका खोलीत सांभाळायची.  आई माझ्याकडे बघत राहिली. मी भाताचं ताट हातात धरून देवाला, बुद्धाला, ज्याला ज्याला आठवेल त्याला हात जोडत होते, म्हणजे मनातच. ती म्हणाली, "जा."

त्या रात्री बाबांनी मला समोर बसवून बदलीचे नियम सांगितले. अगदी गंभीरपणे. "हजेरीला नाव आलं की मोठ्याने हजर म्हणायचं. ज्याच्या जागी आहेस त्याच्यापेक्षा काम चोख करायचं, म्हणजे परत बोलावतात. स्वतःचं नाव सांगायचं नाही. आणि कायमवाली आली की उठायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही, उठायचं. काय?" मी मान हलवली. उठायचं म्हटल्यावर वाईट वाटलं, पण आनंद त्याच्यापेक्षा मोठा होता.

मला जिच्या जागी बसवलं ती खालच्या मजल्यावरची विणकर कामगाराची मुलगी, गुहागरकडची. नाव नाही सांगत, ती आहे अजून आणि चांगली भांडखोर आहे. कामाला हात बसावा म्हणून तपासणीच्या चार दिवस आधीपासूनच जॉबरकाकाने आम्हाला वर्गात नेऊन सोडलं. आम्ही अकरा जण होतो. बाईंना आधी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि तीन महिने गावाला असलेली मुलं फटाफट "हजर, हजर" म्हणायला लागली. बाईंचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले.

त्यांनी जॉबरकाकाला बाहेर नेलं. सगळं ऐकू येत होतं. "अहो, ही खोटी हजेरी झाली! माझी नोकरी जाईल!" काका म्हणतोय, "बाई, खोटी कशी? पोरां खरी आसत ना?" बराच वेळ चाललं होतं. मी बाकाच्या कडेला घट्ट धरून बसले होते. बाई आत आल्या तेव्हा लालबुंद झाल्या होत्या. हजेरीपुस्तक त्यांनी मिटून ठेवलं. आता आम्हाला बाहेर काढणार असं वाटलं. त्या आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिल्या, आणि मग टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली. म्हणाल्या, "कोणाला काय काय येतं ते मला बघायचंय." आणि माझ्यापासून सुरुवात केली.

ते चार दिवस! लोक म्हणतात बालपण सुखाचं असतं. माझ्या बालपणातले हे चार दिवस नक्की सुखाचे होते, बाकीच्यांचं मी खात्रीने सांगत नाही. नव्या चुन्याचा वास यायचा. बाक हलत नव्हते. गॅलरीतून ऐकू यायचा तो आवाज आता समोरून येत होता, आणि बाई बोलताना भुवई उडवतात हे मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. भागाकार मला अडला तर त्या माझ्या बाकावर येऊन बसल्या. मी त्या गुहागरवालीच्या नावाने ओ देत होते आणि रोज सकाळी जिन्यात तिच्या खोलीच्या कुलपाकडे बघत होते. कुलूप आहे ना, हे बघूनच खाली उतरायचे. पाप होतं ते, पण ते कुलूप कायम राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

तपासणीच्या दिवशी आम्ही सगळे तेल लावून, भांग पाडून बसलो. खिडकीबाहेर बाप्ये गर्दी करून उभे, जॉबरकाका सगळ्यांत पुढे. साहेब आले. भिंती बघितल्या, कौलं बघितली, गटार बघितलं. "हे सगळं कोणी केलं?" असं दोनदा विचारलं. मग वर्गात आले, भरलेले बाक बघून खूश झाले आणि बाईंच्या हातातून हजेरीपुस्तक घेऊन स्वतःच नावं वाचू लागले. बाई काहीतरी सांगणार होत्या, त्यांनी तोंडही उघडलं होतं, पण साहेब थांबले नाहीत.

माझं नाव आलं. म्हणजे तिचं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हजर!"

आणि दारातून दुसरा आवाज आला, "हजर!"

ती दारात उभी होती. गावची एस.टी. सकाळीच पोचली होती, आईने तोंड धुऊन तिला तशीच शाळेत पिटाळली होती. केस विस्कटलेले, पाठीला दप्तर. माझ्याकडे अशी बघत होती की आता झिंज्याच धरेल. 

मी उठले. बाबांनी सांगितलं होतं तसंच. रडले नाही. पाटी पिशवीत घातली, बाकावरचा खडूचा चुरा हाताने पुसला, तिच्यासाठी जागा स्वच्छ केली आणि दाराकडे चालायला लागले. साहेबांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

मी म्हटलं, "कायमवाली आली, साहेब. मी बदली."

खिडकीबाहेर कोणीतरी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. साहेबांना आधी कळेना, मग सगळं कळलं. त्यांनी आणखी दोन नावं वाचली, त्या पोरांना उभं केलं आणि ती रडायलाच लागली. साहेब बाईंकडे वळून ओरडले, "हा काय तमाशा आहे? हा गुन्हा आहे, कळतं का तुम्हाला?"

 बाईंनी खणातली वही काढून साहेबांपुढे ठेवली. म्हणाल्या, "गैरहजर मुलांपुढे मी एकही खोटी हजेरी मांडलेली नाही, पुस्तक बघा. या वहीत या अकरा मुलांची खरी नावं आहेत. कोणाला किती येतं तेही लिहिलंय. यांतलं एकही मूल कुठल्याच शाळेच्या पटावर नाही. दाखला नसला तर पालकांनी वय लिहून दिल्यावर घेता येतं, नियम तुमचाच आहे. शाळेसमोर राहणारी ही मुलं मला चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा दिसली, साहेब. गुन्हा असेल तर तो."

साहेब बराच वेळ वही चाळत होते. मग मला म्हणाले, "इकडे ये. तेवीस सक्कं?"

"अडतीसाशे," मी म्हटलं. गावचे मास्तर एकशे अडतीसला अडतीसाशे म्हणायचे. साहेबांच्या तोंडावर हसू आलं, बहुतेक तेही अशाच कुठल्यातरी गावातून शिकून आले असावेत. त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

 स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा नियम होता. मी खिडकीकडे बघितलं. बाबा गर्दीत मागे उभे होते, चेहरा पांढराफटक.

"सांग," बाई हळूच म्हणाल्या, "स्वतःचं."

मी सांगितलं. माझं, बाबांचं, आडनावासकट. त्या वर्गात माझं नाव तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. बाईंनी मोठं हजेरीपुस्तक उघडलं आणि साहेबांच्या देखत खाली, रिकाम्या ओळीत ते लिहिलं. शाईने लिहिलं. मग म्हणाल्या, "वडिलांना आत बोलवा, सही लागेल."

बाबा आत आले. चपला बाहेर काढून आले, देवळात जावं तसे. बाईंनी पेन दिलं तरी ते सही करेनात. म्हणाले, "बाई, पण ती मुलगी तर आली परत. मग हिला उठवणार कधी?"

"उठवायचं नाही कोणी हिला," बाई म्हणाल्या. "तिची जागा तिला, हिची हिला."

"म्हणजे... पाळी असेल त्या दिवशी यायचं?"

"रोज यायचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे. आणि अगदी दबक्या आवाजात, गेटवर जॉबरला विचारावं तसं विचारलं, "साहेब, म्हणजे पोरगी कायम?"

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हो. कायम."

माझ्या बापाने ती सही करायला इतका वेळ लावला की मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायला लागली. नंतर तो शाळेच्या पायरीवर जाऊन बसला आणि तोंडावर टॉवेल धरून ढसाढसा रडला. जॉबरकाका त्याच्या शेजारी उभा होता, मिशीला हात लावत, दुसरीकडे बघत. चौदा वर्षं त्याच्याच तोंडून हा शब्द ऐकायला बाबा गेटवर उभे राहिले होते.

आम्हा अकराही जणांची नावं पटावर चढली आणि चौथी वाचली. पुढे गिरणीचा भोंगा कधी वाजलाच नाही, बाबा शेवटपर्यंत बदलीच राहिले आणि मग शीवला एका इमारतीचे वॉचमन झाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी आईच्या डब्यातला गूळ काढला, त्याचे बारीक बारीक खडे केले आणि चाळीतल्या उघड्या असलेल्या प्रत्येक दारात जाऊन हातावर ठेवले. मी मागे मागे होते. प्रत्येक दारात ते एकच वाक्य बोलले, "आमच्या घरातलं एक माणूस कायम झालं." कोणी म्हणजे कोणी हसलं नाही.